आबालालांच्या चरित्रातलं ‘म्हणे’

२८ डिसेंबर जवळ आला की कोल्हापुरात आणि कोल्हापूरशी नाळ असलेल्या चित्रकारमंडळींत एक जुना वाद नव्याने निघतो. १९३१ साली याच तारखेला चित्रकार आबालाल रहिमान गेले. एक बाजू म्हणते, या माणसाने मुंबई सोडून चूक केली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून नावाजला जाऊन बाहेर पडलेला इतक्या ताकदीचा चित्रकार मुंबईत राहता, तर आज त्याचं नाव देशभर असतं. गावाने त्याला गिळलं. दुसरी बाजू चिडून म्हणते, आबालाल फकीर होते, कलातपस्वी होते, त्यांना ना नावाची आस होती ना पैशाची, त्यांना तुमच्या लिलावांच्या तराजूत तोलू नका. मग कुणी स्मारक मागतं, कुणी पुतळा, कुणी रस्त्याला नाव. चार दिवसांनी सगळं शांत होतं. त्या चार दिवसांत आबालालांच्या एखाद्या चित्रासमोर उभं राहून कुणी बोललंय, असं फारसं ऐकू येत नाही.

मला या वादात दोन्ही बाजू चुकताना दिसतात, आणि चूक एकच आहे. दोघेही आबालालांच्या स्वभावावर आणि पत्त्यावर भांडतात. जणू चित्रकार विस्मरणात जातो तो एक तर त्याच्या वैराग्यामुळे, नाही तर त्याने निवडलेल्या गावामुळे. माझं म्हणणं साधं आहे. जलरंगात काम करणारा चित्रकार विसरला जातो, कारण त्याचा कागद कुणी सांभाळत नाही, त्याच्या चित्रांची यादी कुणी करत नाही आणि कोणतं चित्र कुणाच्या घरात गेलं हे कुणी लिहून ठेवत नाही. ही कामं चित्रकाराची नव्हेत, मागे राहिलेल्यांची आहेत. ती आपण केली नाहीत. ‘फकीर’ हा शब्द आपल्या तोंडी इतक्या सहज येतो, कारण आपल्या हातून राहिलेलं काम तो आबालालांच्या वैराग्याच्या खात्यावर टाकून देतो.

आबालालांविषयी आपल्याला नक्की काय माहीत आहे? ते कोल्हापूरचे. मुंबईला जे. जे.मध्ये शिकले. व्हाइसरॉय पदक मिळालं, ते १८८८ चं. मग कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांनी दरबारी चित्रकार म्हणून त्यांना आश्रय दिला, आणि कोटितीर्थाच्या काठी राहून त्यांनी उरलेलं आयुष्य चित्रं काढण्यात घालवलं. पंचगंगा नदी, रंकाळा आणि कोटितीर्थ ही तळी, रंकाळ्यातला दगडी संध्यामठ हे त्यांचे विषय. तैलरंगही त्यांनी हाताळले, व्यक्तिचित्रं केली, पण त्यांचं नाव निघतं ते निसर्गचित्रांसाठी. इथपर्यंत पाय जमिनीवर आहेत. यापुढे सुरू होतं ते ‘म्हणे’. घरात हस्तलिखितं उतरवून काढायची परंपरा होती म्हणे. रंग स्वतः तयार करायचे म्हणे, झाडपाल्याचे, मातीचे. जन्मसालसुद्धा एका पुस्तकात १८५६ असतं, दुसऱ्यात १८६०. चित्रं किती काढली? हजारो. कुणी वीस हजारही सांगतं. हा आकडा आपण कौतुकाने उच्चारतो आणि पुढे जातो. जरा थांबून हिशेब करू या. १८८८ ते १९३१ ही ४३ वर्षं. एकही दिवस न चुकता रोज एक चित्र पुरं केलं, तरी बेरीज साडेपंधरा हजारांच्या थोडी वर जाते. वीस हजार हा आकडा खरा असू शकतो, लहान लहान स्केचेस मोजली तर. पण तो मोजून आलेला नाही, भक्तीतून आलेला आहे. ज्याची वीस हजार चित्रं होती असं आपण अभिमानाने सांगतो, त्याची आज उरलेली चित्रं किती, असं विचारलं तर कुणापाशी ठाम उत्तर नसतं. भक्तीला आकडा सापडला आणि नोंदवहीला सापडला नाही, यातच सगळं आलं.

आता त्या कथेकडे येतो, जी या वादात दोन्ही बाजू सारख्याच उत्साहाने सांगतात. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. आपला आश्रयदाता, आपलं चित्र समजणारा माणूस गेला या दुःखाने आबालालांनी स्वतःची शेकडो चित्रं कोटितीर्थात बुडवली, अशी ती कथा. मुंबईवाले तिच्यातून वाया गेलेलं आयुष्य काढतात, फकिरीवाले तिच्यातून विरक्ती काढतात. ती खरी की खोटी याचा निवाडा मी करणार नाही. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. ही कथा आपल्याला इतकी गोड का लागते? कारण मराठी मनात पाण्यात बुडालेल्या कागदांची एक मोठी आठवण आधीच आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली आणि तरली. आपण नकळत कोटितीर्थाला इंद्रायणीशेजारी नेऊन बसवलं, आणि तिथल्या पाण्याकडूनही तीच अपेक्षा ठेवली.

पण मग ती गोष्ट पुरी आठवा. गाथा तरली ही श्रद्धा आहे आणि तिला माझा नमस्कार आहे. त्या श्रद्धेच्या बरोबरीने एक कामही चाललेलं होतं. संताजी जगनाडे अभंग लिहून ठेवत होते. वह्यांवरून वह्या उतरल्या, घराघरांत जपल्या गेल्या. पुढे शंकर पांडुरंग पंडितांनी हस्तलिखितं जमवून, पाठ ताडून १८६९ आणि १८७३ मध्ये दोन खंडांत गाथा छापली. तुकोबांच्या मागे लेखणी घेऊन बसलेली माणसं होती. आबालालांच्या मागे कोण होतं? शिष्य होते, चाहते होते, त्यांच्यावर मनापासून प्रेम करणारं आख्खं शहर होतं. लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. शिवाय अभंग तोंडात राहतो, कागद भिजला तरी पुन्हा म्हणता येतो. जलरंगातलं चित्र पुन्हा म्हणता येत नाही. ते रंगवलं जातं पाण्याने आणि पुसलंही जातं पाण्यानेच.

इथे फकिरीच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा येतो, तो टाळून चालणार नाही. चित्रकारालाच जर आपली चित्रं टिकावीत असं वाटत नव्हतं, तर ती टिकवायचा हट्ट धरणारे आपण कोण? त्याच्या इच्छेचा मान राखणं हाच खरा आदर नव्हे का? मुद्दा खरा आहे. स्वतःच्या चित्रावर चित्रकाराचा हक्क पहिला, त्यात ते नष्ट करण्याचा हक्कही आला. पण तो हक्क त्याच्या हातातल्या चित्रापुरता. जी चित्रं त्यांनी दुसऱ्याला दिली, दरबाराला दिली, मित्राच्या भिंतीवर लावू दिली, ती त्यांनी बुडवायची ठेवली नव्हती. दिलेलं चित्र हे ‘राहू दे’ असं म्हणूनच दिलेलं असतं. आणि एका शोकाच्या क्षणी माणसाने जे केलं, ते त्याच्या सबंध आयुष्याचं मत कसं धरायचं? १९२२ नंतरही ते नऊ वर्षं जगले आणि चित्रं काढत राहिले. ज्याला चित्रं नकोशी झाली असती, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद ताणून बसला नसता.

मुंबईच्या बाजूचा मुद्दाही हलका नाही. बॉम्बे आर्ट सोसायटी सुरू झाली १८८८ मध्ये, म्हणजे आबालालांच्या पदकाच्याच वर्षी. प्रदर्शनं मुंबईत, गिऱ्हाईक मुंबईत, छापखाने मुंबईत, वर्तमानपत्रात चित्रांवर लिहिणारी माणसंही तिथेच. महादेव विश्वनाथ धुरंधरांचं उदाहरण तर डोळ्यांत भरणारं आहे. तेही कोल्हापूरचे, जन्म १८६७ चा. तेही जे. जे.मध्ये शिकले, पण तिथेच राहिले, शिकवलं, संस्थेच्या सर्वोच्च जबाबदारीपर्यंत पोचले. एकाच गावचे, एकाच शाळेतले दोन चित्रकार. धुरंधरांबद्दल आपल्याला इतकं तपशिलात ठाऊक आहे आणि आबालालांबद्दल नाही, यावरून मुंबईवाल्यांनी निष्कर्ष काढला तर तो वरवर पटतो. पण धुरंधर कशामुळे उरले, हे जरा जवळून पाहा. त्यांनी रोजनिशी लिहिली. जे. जे.मधल्या आपल्या ४१ वर्षांच्या आठवणी मराठीत पुस्तकरूपाने लिहिल्या. त्यांची चित्रं छापली गेली, कॅलेंडरांवर गेली, पुस्तकांत गेली. त्यांच्या मागे कागदाचा माग आहे. तो माग मुंबईत पडला हे खरं, पण तो मुंबईमुळे आपोआप पडला नाही. कुणीतरी रोज रात्री बसून लिहिलं म्हणून पडला.

मुंबईत राहिलं की नाव राहतं, हा समज मोडायला एकच चित्र पुरेसं आहे. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, सावंतवाडीचे, जन्म १८८२. मुंबईत गेले, १९०८ मध्ये स्वतःची कलासंस्था काढली, १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत पुढे होते, आयुष्यभर राजधानीच्या कलाविश्वात मध्यभागी राहिले. हातात निरांजन घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र, ‘ग्लो ऑफ होप’, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ज्योतीचा प्रकाश हाताच्या बोटांतून झिरपताना लालसर होतो, तो जलरंगात पकडलेला. स्वतःच्या मुलीला उभं करून काढलेलं हे चित्र १९४०च्या दशकातलं. आणि आजही हजारो लोक ते राजा रविवर्म्याचं म्हणून एकमेकांना दाखवतात. रविवर्मा १९०६ मध्ये वारले होते! म्हणजे मुंबई, संस्था, मानसन्मान, दक्षिणेतल्या राजवाड्यातली जागा, सगळं लाभूनही माणसाच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रावरचं नाव चुकतंच आहे. ज्या चित्राला लोक शोधत येतात त्याचीही ही गत, तर कोटितीर्थाच्या काठावरच्या सकाळीचं काय?

म्हणून मुंबई की कोल्हापूर, हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो. उलट, चित्राच्या बाजूने विचार केला तर कोल्हापूरला परतणं हीच आबालालांची खरी शिदोरी होती असं मला वाटतं. जलरंगातलं निसर्गचित्र ही घाईने शिकायची गोष्ट नाही. तैलरंगात चुकलेलं खरवडता येतं, वर दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. तिथे पांढरा रंग नसतोच. पांढरं म्हणजे कोरा राखलेला कागद. तळ्यावर सकाळी जी चमक दिसते ती रंगवायची नसते, सोडायची असते, आणि कुठे सोडायची हे ब्रश टेकवण्याआधी ठरलेलं असावं लागतं. कागद किती ओला असताना आभाळाचा रंग सोडायचा, तो अर्धवट सुकला की झाडांची कड कधी टेकवायची, पावसाळी हवेत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, सुकायला किती वेळ घेतो, हे हाताला कळायला तीच जागा, तोच ऋतू, तीच वेळ पुन्हा पुन्हा पाहावी लागते. रंकाळा भरला की संध्यामठ पाण्यात जातो, पाणी उतरलं की दगड वर येतात. वर्षानुवर्षं ते बघणारा माणूसच त्या दगडाचा ओला रंग आणि सुका रंग वेगळा ओळखतो. फ्रेंच चित्रकार सेझान पॅरिस सोडून आपल्या गावी, एक्सला परतला आणि एकच डोंगर तेलात आणि पाण्यात पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. त्याला कुणी गावाने गिळलेला म्हणत नाही. आबालालांना तोच न्याय लावायला आपली जीभ का अडखळते?

(सेझानचं नाव घेतलं म्हणून एक गोष्ट इथेच बोलून टाकतो. आबालालांना ‘भारतातले पहिले इम्प्रेशनिस्ट’, म्हणजे सुट्या रंगछटांनी उजेड पकडणाऱ्या फ्रेंच चित्रकारांच्या पंथातले, म्हणण्याची पद्धत आहे. हेतू चांगला आहे, साम्यही दिसतं. पण या बिरुदामुळे चित्राकडे पाहणं थांबतं आणि प्रमाणपत्राकडे पाहणं सुरू होतं. त्यांच्या रंगाच्या लहान लहान ठिपक्यांचं कारण मला फ्रान्सपेक्षा त्यांच्या दारातल्या पाण्यात शोधावंसं वाटतं.)

मोठेपणाचा निकाल अखेर गुणावरच लागतो, चांगलं असेल ते टिकतं, असं म्हणणारेही या वादात असतात. त्यांना मी एका यादीकडे बघायला सांगेन. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली नऊ चित्रकारांच्या कलाकृती राष्ट्रीय ठेवा मानल्या गेल्या: रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, शैलोज मुखर्जी, अमृता शेरगिल, रविवर्मा आणि निकोलस रोरिक. नऊपैकी सहा बंगाली. मराठी नाव एकही नाही. धुरंधर नाहीत, हळदणकर नाहीत, आबालाल तर नाहीतच. बंगालवर रागावण्याचं यात काही नाही. उलट बंगालकडून शिकण्यासारखंच पुष्कळ आहे. अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ यांचं कितीतरी काम कागदावरचं, पाण्याच्या वॉशमधलं आहे, म्हणजे जात्याच नाजूक. ते उरलं, कारण संपादक रामानंद चट्टोपाध्याय ‘प्रवासी’ आणि ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या आपल्या मासिकांतून ही चित्रं रंगीत छापत होते, भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी त्यांच्यावर लिहीत होते, कलकत्त्याच्या कलाशाळेचा हॅवेलसारखा प्राचार्य त्यांच्या मागे उभा होता. बंगालपाशी एक कल्पनाही होती, स्वदेशी कलेची. आपल्याकडच्या वास्तववादी चित्रकारांपाशी तसं निशाण नव्हतं, हे मान्य करायला हवं. पण निशाण असून लेखणी नसती, तर काय उरलं असतं? आपल्याकडे त्याच काळात हात तितकाच तयार होता. कोल्हापुरात आबालालांच्या मागे आनंदराव आणि बाबूराव पेंटर आले, दत्तोबा दळवी आले, एका शहरातून चित्रकारांची आणि चित्रपटाचीही परंपरा उभी राहिली. तिच्या मुळाशी असलेल्या माणसाचं जन्मसाल मात्र आपण पक्कं करू शकलेलो नाही.

प्रांताचा जलरंगकार प्रांतातच राहून जगात पोचू शकतो का? इंग्लंडमधलं नॉरिच हे शहर पाहा. लंडनपासून दूर, व्यापारी पेठ. १८०३ मध्ये तिथल्या चित्रकारांनी आपली सोसायटी काढली. त्यांच्यातला जॉन सेल कोटमन हा आज जलरंगातला श्रेष्ठ मानला जातो. हयातीत त्याला पैशाची चणचण आणि मनाचा अंधार दोन्ही भोगावं लागलं. १८४२ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या चित्रांना फारसं कुणी विचारत नव्हतं. मग फरक कशाने पडला? मोहरीची पूड विकून श्रीमंत झालेल्या तिथल्याच कोल्मन घराण्याने आपल्या गावच्या चित्रकारांची चित्रं पिढ्यांमागून पिढ्या गोळा केली. गावातला जुना किल्ला, जो आधी तुरुंग होता, तो १८९४ मध्ये संग्रहालय झाला, आणि १९४६ मध्ये कोल्मनांचा संग्रह त्या संग्रहालयाला मिळाला. आज कोटमनवर कुणाला काम करायचं असेल तर त्याला नॉरिचला जावं लागतं. राजधानी गावाकडे येते, ती अशी.

ते इंग्लंड, त्यांच्याकडे पैसा होता, असं कुणी म्हणेल. मग औंध बघा. साताऱ्याजवळचं चिमुकलं संस्थान. तिथले बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ मध्ये टेकडीवर संग्रहालय बांधलं आणि आपल्या काळातल्या मराठी चित्रकारांची चित्रं तिथे टांगली. आजही धुरंधर बघायला लोक औंधची वाट धरतात. आणि कोल्हापूर का गरीब आहे? गुळाच्या पेढ्या, साखर कारखाने, फाउंड्र्या, सहकारी बँका असलेला हा जिल्हा आहे. कुस्तीला इथे आश्रय मिळाला, सिनेमाला मिळाला. टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात आबालालांची चित्रं आहेत, ती जपणाऱ्यांचे उपकार आहेतच. पण घरोघरी विखुरलेल्या चित्रांना तिथली एक भिंत पुरणारी नाही.

विखुरलेल्या चित्रांचं काय होतं, ते मी एकदा पाहिलं आहे. ओळखीच्या एका घरात जुन्या काळचं एक जलरंगातलं निसर्गचित्र होतं, आबालालांचं नव्हे, दुसऱ्या एका स्थानिक चित्रकाराचं. आजोबांनी हौसेने घेतलेलं आणि हौसेनेच बैठकीत लावलेलं, बरोबर पश्चिमेच्या खिडकीसमोर. मला ते फिकट, धुकट, सकाळचं वाटलं. फ्रेम बदलायला काढली तेव्हा चौकटीच्या कडेखाली झाकली गेलेली बोटभर पट्टी उघडी पडली. ती गर्द निळी आणि तांबडी होती. चित्र सकाळचं नव्हतंच, सूर्यास्ताचं होतं. साठ-सत्तर वर्षं घरातली माणसं त्याच्याकडे प्रेमाने बघत होती आणि तितकीच वर्षं ऊन त्यातली संध्याकाळ खात होतं. त्या घराने निष्काळजीपणा केला असं मी म्हणणार नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगायला हवं होतं, कारण हे जगाला फार आधीपासून माहीत आहे. जलरंग उन्हाने उडतात की नाही यावर १८८६ च्या सुमारास लंडनमध्ये मोठी खडाजंगी झाली. तेव्हा रसेल आणि अ‍ॅब्नी या दोन शास्त्रज्ञांना तपासाला बसवलं. त्यांनी रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत घालून महिनोन्‌महिने उजेडात ठेवल्या, अर्धी पट्टी झाकलेली, अर्धी उघडी, आणि १८८८ मध्ये अहवाल दिला: उजेड आणि दमट हवा मिळून कित्येक रंगांचा घात करतात. पुन्हा १८८८! एकीकडे मुंबईत आबालाल पदक घेत होते, दुसरीकडे त्यांच्या माध्यमाला काय मारतं याचा पुरावा छापून येत होता. आज जगभरची संग्रहालयं कागदावरच्या चित्रांवर साधारण ५० लक्सहून (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत आणि काही महिने दाखवलं की चित्र अंधारात विश्रांतीला ठेवतात. आपल्याकडे पावसाळ्यातली ओल, कसर, स्वस्त पुठ्ठ्याच्या माउंटमधली आम्लता, मागच्या बाजूला मारलेली चिकटपट्टी, आणि खिडकी. फकीर गेल्यानंतर त्याच्या चित्रांना मारणारे हे आहेत. यात वैराग्य कुठे आलं?

शेवटचा आक्षेप मी सगळ्यांत गंभीरपणे घेतो, कारण तो चित्रांच्या शत्रूंकडून येत नाही, शहराची काळजी असलेल्या माणसांकडून येतो. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेने जे केलं ते पाहिल्यावर, रस्ते, गटारं, पूररेषा सोडून जुन्या चित्रांवर पैसा घालवायचा का? माझं उत्तर असं, की पुरानेच हा प्रश्न तातडीचा केला. पाणी घरांत शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांत, ट्रंकांत, भिंतींवर काय काय होतं? जुनी चित्रं होती का? किती गेली? याचं उत्तर आता कधीच मिळणार नाही, कारण आधी काय होतं याची यादीच नव्हती. गेलेल्या गुरांचा पंचनामा होतो, पडलेल्या भिंतीचा होतो. ज्याची नोंदच नाही त्याचा पंचनामा कसा करणार? आणि यादी करायला पुतळ्याएवढा खर्चही लागत नाही. पुतळ्याच्या चौथऱ्याच्या पैशात दोन शिकलेली मुलं, एक बरा कॅमेरा आणि दोन वर्षांचं काम होऊन जाईल. त्याच १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षं पुरी झालेलं चित्र पुरावस्तू ठरतं. आबालालांचं बहुतेक काम त्या वयाला पोचलं आहे. पण जे चित्र आहे हेच कुणाला माहीत नाही, ते उद्या देशाबाहेर गेलं तर अडवणार कोण?

म्हणून माझी मागणी स्मारकाची नाही. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात दरबाराचं दप्तर आहे. शाहू काळाचा अभ्यास करणारे ते राजकारणासाठी आणि समाजकारणासाठी वाचतात, आणि ते योग्यच आहे. पण दरबारी चित्रकाराला काही दिलं असेल, कागद-रंग मागवले असतील, एखादं चित्र कुणाला नजर केलं असेल, तर त्याची खतावणीत ओळ असायला हवी. ती ओळ शोधायला कुणाला बसवलं पाहिजे. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. एका नोंदीतून एक ‘म्हणे’ कमी होईल, किंवा पक्का ठरेल. दोन्ही मला चालेल.

आणि ज्यांच्या घरात जुनं जलरंगातलं चित्र आहे, आबालालांचं असो वा कुणाचंही, सही असो वा नसो, त्यांनी या २८ डिसेंबरची वाट बघू नये. आधी ते खिडकीसमोरच्या भिंतीवरून उतरवा. चित्र फ्रेममधून घरी काढू नका, पाण्याचा बोळा फिरवू नका. पुढून फोटो काढा, मग उलटं करून मागून काढा. लांबी-रुंदी मापा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की हे कुणी आणलं, कधी आणलं, कुठे लावलेलं होतं, आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. मागच्या कागदावर पेन्सिलीने काही खरडलेलं असेल, एखादं नाव, एखादं साल, रंगवाल्याचा शिक्का, तर ते खोडू नका. फार वेळा चित्रकाराचं अक्षर तेवढंच उरलेलं असतं.